एकोणतीस किलोची तूट

माझं नाव काकाजींना माहीत होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही. सिंदीच्या कापूस-जिनिंगमध्ये मी काटापावत्या लिहायला लागले, त्या पहिल्या दिवशी त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं. डावा डोळा मिटला, उजवा हात तराजूची दांडी धरल्यासारखा वर उचलला आणि म्हणाले, "अठ्ठेचाळीस. बस तिथं. पंखा चालू कर." तेव्हापासून मी अठ्ठेचाळीस. मालकांचा मुलगा एक्क्याण्णव, चहावाल्या बाई साठ, चौकीदार एकसष्ट. एकदा सकाळी सकाळी त्यांनी चौकीदाराला सत्तावन्न म्हणून हाक मारली. तो हसला, पण त्याच्या बायकोनं ऐकलं आणि त्याला दवाखान्यात नेलं. रक्तात साखर निघाली. तेव्हापासून काकाजींनी आपला आकडा बदलला की माणसं जरा घाबरायची.

ते जिनिंगचे मापारी. चाळीस वर्षं कापूस मोजलेला माणूस. पुढे धरमकाटा आला, त्यावर लाल आकडे उमटायला लागले, तरी मालकांनी काकाजींना काढलं नाही. गाडी काट्यावर चढायच्या आधीच ते वजन सांगायचे आणि मग काट्याकडे बघायचे, मास्तर पोराच्या पाटीकडे बघतो तसे. आकडा जुळला नाही तर म्हणायचे, "मशीन दाखवून आणा." एकदा मेकॅनिकला बोलावलं आणि मशीनमध्ये खरंच बिघाड निघाला. त्यानंतर महिनाभर त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती.

भुवयांवर कायम कापसाचं तूस. हंगामाच्या शेवटी शेवटी तर भुवया पांढऱ्या की तूस पांढरं, हे कळायचं नाही. गाडी आली की कोपरापर्यंत हात कापसात खुपसायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि ओलावा असला की मला ओरडून सांगायचे, "ओला हाय. दीड किलो काप." ओल्या कापसात पाण्याचं वजन असतं, ते मालातून वजा करायचं, अशी रीत. ही कापाकापी त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की भर पावसात कोणी भिजून आलं, तरी त्याचं वजन ते किलोभर कमी करून सांगत.

घरच्यांना त्यांनी अगदी वीट आणला होता. काकीजी सांगायच्या, "आंतरपाट खाली झाला, मले वाटलं आता तोंड पाह्यतीन. यायनं पाह्यलं अन् म्हनलं, पंचेचाळीस." मला बघायला पाहुणे आले तेव्हा आईनं मोठ्या मानानं काकाजींना बोलावलं. पोहे झाले, नावं-गावं झाली, आणि काकाजी मुलाकडे बघून शांतपणे म्हणाले, "ब्याऐंशी. अठ्ठेचाळीसले जड जाईन." आईनं पुढे दोन वर्षं त्यांचं नाव घेऊ दिलं नाही. मला मात्र मनातून हायसं वाटलं होतं, कारण मुलगा मलाही जडच वाटला होता.

पण हा माणूस नुसता विनोदी नव्हता. माझे वडील गेले तेव्हा काकाजींनी खांदा दिला. चार पावलं चालले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "चाळीससुद्धा नाई राह्यले. सत्तरचा मानूस होता." दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं. मला कळलं की हे त्यांचं रडणं आहे.

बारशाला त्यांना आवर्जून बोलावत. ते बाळाला दोन्ही तळहातांवर घेत, आकडा सांगत आणि मगच बाळ पाळण्यात जाई. हिंगणीच्या माझ्या मावशीला नात झाली, तेव्हा मावशीनंही हट्ट धरला. मग मी काकाजींना माझ्या स्कूटीवर मागे बसवून हिंगणीला निघाले. वाटेत ते समोरून येणाऱ्या प्रत्येकाचं वजन मला कानात सांगत होते.

परत येताना कालव्याच्या कडेला, बोरीच्या झाडांआड एक टिनाचं छप्पर दिसलं. स्कूटी पंक्चर झाली होती म्हणून आम्ही पायी चाललो होतो. छपराखालून घोरल्यासारखा आवाज आला. काकाजी वाकून आत गेले, त्यांच्यामागे मी गेले. आत खुंटीला अस्वल बांधलेलं होतं.

काळं, केसाळ, पण केस विरळ झालेले. नाकातून आरपार दोरी घातलेली आणि दोरीभोवती ओली जखम. शेजारी एक म्हातारा भाकरी कुस्करत होता. आम्हाला बघून त्याच्या हातातली भाकर पडली. तो पूर्वीचा अस्वलवाला. गावोगाव अस्वल नाचवायचा. कायद्यानं बंदी आली, बरोबरीच्या सगळ्यांनी आपापली जनावरं सरकारच्या हवाली केली. याच्याकडचं पिल्लू तेव्हा लहान होतं. याला ते देववलं नाही. बायको गेली, गावं फिरणं संपलं, आणि तेव्हापासून हा आडबाजूला छपराखाली तिला लपवून बसला होता. मुन्नी तिचं नाव.

काकाजींनी सवयीनं डावा डोळा मिटला आणि उजवा हात वर उचलला. त्यासरशी मुन्नी मागच्या दोन पायांवर उभी राहिली. डुलायला लागली. एक पाय उचल, दुसरा पाय उचल. दोरी ताणली जात होती, नाकातून पाणी गळत होतं, आणि ती काकाजींच्या हाताकडे बघत नाचत होती.

"हात खाली घ्या, भाऊ," म्हातारा म्हणाला. "नाचवायची लकडी समजून राह्यली ते."

काकाजींनी हात खाली घेतला. त्या दिवसापासून मुन्नीसमोर ते दोन्ही हात पँटच्या खिशात घालून उभे राहायचे. तेव्हा त्यांनी तिच्या बरगड्या नीट न्याहाळल्या. मग म्हणाले, "छप्पन्न."

"काय छप्पन्न?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"पंच्याऐंशी पाह्यजे होती. हाडाचा पसारा पाह्य ना तिचा. एकोणतीस किलो कुठं गेले?"

म्हाताऱ्यानं खाली पडलेली भाकर उचलली, झटकली आणि मुन्नीपुढे ठेवली.

लोकांना वाटतं, काकाजींना जनावरांचा लळा होता. अजिबात नाही. जिनिंगमधल्या मांजराला ते कधी 'शुक' म्हणाले नाहीत. पण वजनातली तूट त्यांना सहन होत नसे. मापात कमी भरलेली वस्तू दिसली की ती पुरी करून घेतल्याशिवाय ते स्वस्थ बसत नसत, मग तो कापूस असो की अस्वल. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अर्ज लिहायला बसवलं. मायना त्यांनीच सांगितला: "विषय: एका अस्वलाच्या वजनात एकोणतीस किलोची तूट आल्याबाबत." अर्ज वनखात्याला, आणि खाली 'माहितीसाठी प्रत: वजनमापे निरीक्षक'. मी म्हटलं, "काकाजी, गाव नाही, माणसाचं नाव नाही, असा अर्ज असतो का?"

"माल कोनाचा, ते मागाहून पाहू. पयले तूट कबूल करा म्हना."

"म्हाताऱ्याला धरतील म्हणून नाव लिहीत नाही, असं सरळ सांगा की."

ते माझ्याकडे रागानं बघत राहिले. "अठ्ठेचाळीस, तू लिह्यजो," एवढंच म्हणाले.

असे तीन अर्ज गेले. पहिल्या दोनांचं काय झालं कोणास ठाऊक. तिसरा एका वनाधिकारी बाईंच्या हाती पडला. त्या हसल्या नाहीत. ज्या माणसानं अस्वलाचं वजन सांगितलं, त्यानं अस्वल उभं पाहिलेलं असणार, आणि जंगलातलं अस्वल असं मोजण्याइतकं जवळ उभं राहत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. अर्जाखालच्या पत्त्यावरून त्या गाडी घेऊन जिनिंगवर आल्या. "कुठे बांधलं आहे?" त्यांनी विचारलं.

"पयले सांगा, म्हाताऱ्याले बंद करान का?"

"स्वतःहून देत असेल तर मी तसं लिहून घेईन आणि वरच्यांना सांगेन. लपवत राहिला आणि उद्या आम्हीच पकडलं, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"मंग जरा दम धरा," काकाजी म्हणाले. "त्याले सोताहून म्हनू द्या."

हा दम सहा महिन्यांचा झाला. बाई दर पंधरा दिवसांनी फोन करत, आणि काकाजी दर रविवारी माझ्या स्कूटीवर बसून हिंगणीला जात. मांडीवर पिशवी. पिशवीत रताळी, केळी, बोरं, उन्हाळा लागला तशी मोहाची फुलं. बाईंनी पाठवलेलं जखमेचं औषध माझ्या पर्समध्ये. अशी अस्वलं ज्या केंद्रात ठेवतात, त्याबद्दल बाईंनी सांगितलेलंही मी म्हाताऱ्याच्या कानावर घातलं होतं. म्हातारा आधी लांब बसायचा, मग जवळ बसायला लागला, मग चहा ठेवायला लागला. त्यानं मुन्नीला कधी उपाशी ठेवलं नव्हतं. आपल्या ताटातली अर्धी भाकर तो तिला द्यायचा, पण त्याच्याच ताटात मुळात एक भाकर असायची. तिचे सुळे त्याच्याच बापानं लहानपणी काढले होते, हेही त्यानंच मान खाली घालून सांगितलं.

एका रविवारी मुन्नी नुसतीच पडून होती. रताळ्यालाही तिनं तोंड लावलं नाही. म्हातारा म्हणाला, "माह्यानंतर इले कोन पाह्यन? दुसऱ्याच्या हातचं खात नाई ते."

"तुह्या हातचं खाऊनच तर छप्पन्न झाली," काकाजी म्हणाले.

मला वाटलं, आता म्हातारा उठून आम्हाला हाकलून देणार. हे बोलणंच तसं होतं. पण तो कितीतरी वेळ मुन्नीच्या पोटावर हात फिरवत राहिला. आम्ही दोघं तिथंच बसून होतो. उन्हं कलल्यावर त्यानं मान वर न करता विचारलं, "त्या केंद्रात झाडं हायेत का, भाऊ? चढाले?"

झाडं आहेत की नाहीत, हे काकाजींना माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. बाई म्हणाल्या, "आहेत. तळंही आहे. आणि तिच्यासारखी पुष्कळ आहेत." म्हातारा म्हणाला, "मंग घेऊन जा म्हना. हा उन्हाळा नाई निघत इच्यानं इथं."

परराज्यातल्या अस्वल केंद्रातून गाडी आली, डॉक्टर आले, पिंजरा आला. सकाळी नऊची वेळ. बाईंनी गावातल्या लोकांना दोरी बांधून लांब थांबवलं होतं, तरी अर्धी हिंगणी तिथं होती. काकाजी धुतलेला सदरा घालून आलेले, हात खिशात.

डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "गाडीत काटा आहे, पण जागं जनावर त्यावर चढत नाही. गुंगीचं औषध वजनावर द्यायचं असतं. अंदाजे किती असेल?"

सगळ्यांनी काकाजींकडे पाहिलं. तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा काटा होता. त्यांनी डोळा मिटला आणि एका दमात सांगितलं, "चौपन्न."

मला ते खटकलं. सहा महिने पिशव्या वाहून माझ्या स्कूटीचा मागचा टायर गेला होता, आणि अस्वल छप्पन्नचं चौपन्न कसं झालं? पण काकाजींच्या आकड्यावर बोलायची हिंमत जिनिंगमध्ये कोणाची नव्हती, ती मला हिंगणीत कुठून येणार? डॉक्टरांनी स्वतःही तिला न्याहाळलं, मान डोलावली आणि औषध भरलं.

मुन्नी झोपली. तिला झोळीत घालून चौघांनी बाहेर सावलीत आणलं. म्हातारा तिचा पंजा हातात धरून बसला. तेवढ्यात गर्दीतली एक बाई दोरीखालून आत आली. लेकरू झोपेत दचकतं, ताइतात घालायला एक केस द्या म्हणाली. काकाजी आडवे आले. "एक केस नाई भेटन. हरेक केस वजनात धरला हाय." ती निमूट मागे गेली.

डॉक्टर नाकातली दोरी कापत होते. दोरी मांसात रुतलेली, त्यामुळे काम सावकाश चाललं होतं. अर्धी निघाली आणि मुन्नीचा कान हलला. मग म्हाताऱ्याच्या हातातला पंजा आवळला गेला. डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले, "सगळे मागे व्हा. धावू नका." झोळीवाले मागे झाले. एका वनरक्षकानं काठी उचलली आणि बाईंनी ती खाली करायला लावली. म्हातारा हलला नाही. त्याचं मनगट तिच्या नखांत होतं. ती पुरती जागी झाली असती तर आधी तो गेला असता, आणि मग इतक्या माणसांमध्ये तिचं काय केलं गेलं असतं, ते मला आजही मनात आणवत नाही.

"एवढ्या लवकर कशी उठते आहे?" डॉक्टर पुटपुटले.

काकाजी मुन्नीकडे बघत होते. तिच्या पाठीवरचे केस उन्हानं सुकून फुलायला लागले होते. त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं, "तू इले आंघोळ घातली का?"

"घातली ना सकाळी. लेक सासरी जाऊन राह्यली, तशीच पाठवू का?"

"डॉक्टरसाहेब, माही चूक हाय," काकाजी मोठ्यांदा म्हणाले. अर्ध्या हिंगणीनं ऐकलं. "मी ओलाव्याचं कापलं. ओली होती म्हनून वजा केलं मी."

डॉक्टरांना आधी काही कळेना. मी घाईघाईनं सांगितलं की कापूस ओला असला की वजन कमी धरतात. इथं तर केस भिजून अंगाला चिकटल्यानं मुन्नी आधीच बारीक दिसत होती, आणि त्यातून यांनी आणखी कापलं होतं.

"मग खरं किती?" डॉक्टरांनी दुसरी सुई हातात घेतली.

काकाजींनी तिच्या सुकलेल्या केसांवरून पुन्हा नजर फिरवली. "सत्तरच्या वर," ते म्हणाले. "नक्की नाई सांगू शकत. पन सत्तरच्या वर हाय."

डॉक्टरांनी औषध दिलं. म्हातारा तिच्या कानाशी काहीतरी गुणगुणत होता. पंजा हळूहळू सैल झाला. म्हाताऱ्यानं मनगट सोडवून घेतलं, त्यावर चार लाल ओरखडे होते. मुन्नी घोरायला लागली. तिचं ते घोरणं ऐकून मी जमिनीवर बसकण मारली आणि मला रडू फुटलं. बाईंचे डोळेही कोरडे नव्हते.

दोरी निघाली. मुन्नीला काट्यावर ठेवलं. एकाहत्तर.

काकाजी आकड्याकडे बघत राहिले. मशीन दाखवून आणा, असं म्हणाले नाहीत. डॉक्टर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "औषध मी भरलं, निर्णय माझा होता." काकाजींचं तिकडे लक्ष नव्हतं. ते बोटांवर काहीतरी मोजत होते. मग ते म्हाताऱ्याशेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "पंधरा किलो भरली रे. सहा महिन्यांत पंधरा किलो. दर रविवारी पाहून पाहून मले दिसलंच नाई." चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सांगितलेलं वजन चुकलं होतं, आणि इतकं खूश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पंचनाम्यात दोरी लागते म्हणून म्हाताऱ्यानं ती बाईंच्या हातात दिली. गाडी गेली. बाईंनी आपला शब्द पाळला. 'स्वखुशीनं दिलं' असं लिहून घेतलं, आणि पुढे म्हाताऱ्याला रोपवाटिकेत पाणी घालायचं काम मिळवून दिलं.

पाऊसकाळ संपल्यावर केंद्रातून निरोप आला, की बघायला या. म्हाताऱ्याला एकट्यानं जायचा धीर नव्हता. काकाजींना रेल्वेचं तिकीट मोबाइलवर येतं हेच पटत नव्हतं. म्हणून दोघांना घेऊन मी गेले. रात्रभर प्रवास करून पोचलो. तिथल्या माणसानं आधीच बजावलं, "हाक मारायची नाही. वासही जायला नको. विसरली आहे, तिला विसरू द्या." आम्हाला वाऱ्याच्या उलट बाजूला, चटईच्या कुडाआड उभं केलं. म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि आपल्याच हातानं आपलं तोंड दाबून धरलं.

मुन्नी झुडपांतून बाहेर आली. मी तिला ओळखलंच नाही. छातीवर पांढरा पट्टा, खांद्यापर्यंत दाट केस. चार पायांवर चालत होती. एका वारुळाशी थांबली, दोन पंज्यांनी ते फोडलं, त्यात तोंड खुपसून फूं फूं केलं, कंटाळली, पुढच्या झाडाशी गेली, अर्धी चढली, उतरली, पुन्हा वारुळाकडे आली.

म्हाताऱ्यानं तोंडावरचा हात जरासा बाजूला केला. "भाऊ," तो कुजबुजला, "आता किती भरली?"

काकाजी कुडाच्या फटीतून बघत होते. मुन्नी तळ्याकडे निघाली होती. मध्येच वळली, उगाचच थोडं पळाली, दिसेनाशी झाली, पुन्हा दिसली.

"नाई सांगता येत," काकाजी म्हणाले.

"काऊन?"

"काटा थांबला का वजन सांगता येते," ते म्हणाले. "हे थांबूनच नाई राह्यली."